लाल चिठ्ठ्या

३ मार्च, सोमवार

आजपासून ही वही. एकोणीस वर्षं मी रोज सकाळी तपासणीच्या वहीत नोंद करत आलो: तारीख, भागाचा क्रमांक, माप, फरक, सही. पाच महिन्यांपूर्वी नोकरी गेली आणि ती वही कारखान्यातच राहिली. माझ्या टेबलावर आता कॅमेरा बसवला आहे. तो मिनिटाला चाळीस भाग बघतो आणि चहाला उठत नाही. हे वाक्य मी गेल्या आठवड्यात तीन जणांना ऐकवलं, तिन्ही वेळा स्वतःच आधी हसलो. चौथ्यांदा ऐकवायचं नाही.

ठरलं आहे ते असं. घरामागच्या गॅरेजमध्ये अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वर्कशॉप आहे. गाडी तिथे कधीच उभी राहिली नाही. चाळीस वर्षं अण्णा मोटारी भरतात, म्हणजे पंपांची, पंख्यांची, मिक्सरची जळालेली तार काढून नवी गुंडाळून देतात. आता कामं फारशी येत नाहीत. आली तरी ते हल्ली "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून परत पाठवतात. दिवसभर ते आणि त्यांचे मित्र शिंपीकाका तिथे बसलेले असतात. माझ्या डोक्यात आहे की अण्णांनी आणि मी मिळून कामं घ्यावीत. हात त्यांचा, मापं माझी. पण त्या खोलीत आज दोन माणसं धड उभी राहू शकत नाहीत. म्हणून आधी आवरायचं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांना विचारलंस?"

विचारलं. अण्णा म्हणाले, "बघू."

त्यांच्याकडे दोनच उत्तरं आहेत, 'बघू' आणि 'होईल'. 'बघू' म्हणजे नाही. 'होईल' म्हणजे कधीच नाही. तरी मी 'बघू'चा अर्थ हो असा घेतला. हे इथे लिहून ठेवतो.

६ मार्च, गुरुवार

आवरण्यापूर्वीचे फोटो काढले. बासष्ट. प्रत्येक भिंत, प्रत्येक फळी, कोपरे वेगळे.

दारातून आत गेलं की उजव्या हाताला व्हाइस, वस्तू घट्ट धरायचा लोखंडी जबडा. त्याच्या दांड्यावर कळकट फडकं. टेबलाचं लाकूड कुठेही दिसत नाही. बिस्किटांचे, पावडरचे, रंगाचे डबे, एकावरही नाव नाही. पाने, पक्कडी, कानशी सगळे एकाच खोक्यात उभे खुपसलेले. खुर्चीच्या डाव्या पायाशी तांब्याच्या तारेची रिळं, जाडीप्रमाणे लावलेली नाहीत, कशाचप्रमाणे लावलेली नाहीत. वॉशरच्या डब्यात एक कंगवा.

"अण्णा, यात दहाचा पाना कुठे असेल?"

ते खुर्चीत बसले होते. मान वळवली नाही. हात मागे नेला, खोक्यात घातला, एक पाना काढून माझ्यापुढे धरला. मी कॅलिपर लावून पाहिला. दहाचाच.

"एवढ्या पसाऱ्यात सापडतं कसं तुम्हाला?"

"पसारा तुला आहे."

शिंपीकाका खो खो हसले. मला लागलं. त्यात लागण्यासारखं काही नव्हतं, पण सध्या मला काहीही लागतं.

पद्धत कारखान्यातलीच वापरणार. ज्या वस्तूचं काय करायचं ते कळत नाही, तिला लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर क्रमांक, वर्णन, तारीख. मग वस्तू ज्याची त्याला विचारायचं, ठेवायची की टाकायची, आणि सही घ्यायची. त्यानंतरही तीस दिवस थांबायचं, मगच बाहेर काढायची. माझ्या जागेला अशी चिठ्ठी कुणी आणि कधी बांधली, मला कळलं नाही. तीस दिवस तरी कुणी दिले नाहीत.

९ मार्च, रविवार

जुना कॅसेट प्लेअर आणि कॉलेजातले दोन मोठे स्पीकर गॅरेजमध्ये नेले. कॅसेटी अजून वाजतात. सुरुवातीला दोन मिनिटं नुसती खरखर, मग एकदम ती गिटार, कापड टराटरा फाडावं तशी. मला तिची हीच गोष्ट आवडते, ती स्वच्छ नसते. वाजवणारा एक तार वर ओढत नेतो, ओढत नेतो, आता तुटणार असं वाटतं, आणि नेमका तिथे तो सूर धरून ठेवतो. ड्रम मागे धावत येतात. आयुष्यभर मी दशांश मिलिमीटरच्या फरकावरून भाग नाकारले, आणि जीव मात्र जडला आहे तो मापात न बसणाऱ्या आवाजावर. हातातला ब्रश ठेवला आणि हवेत बोटं चालवली. कुणी पाहिलं नाही. अण्णा समोरच होते, पण त्यांनीही पाहिलं नाही.

माझी स्वतःची गिटार कपाटावर आहे, पेटीत. कॉलेजात आम्हा चौघांचा बँड होता. बावीस वर्षांपूर्वी तिचा आवाज गेला. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक पिकअप असतो, चुंबकांभोवती केसापेक्षा बारीक तार हजारो वेळा गुंडाळलेली. अण्णांनी मीटर लावून सांगितलं, "कॉईल तुटलीय. होईल." सगळ्या जगाच्या मोटारी त्यांनी भरल्या, माझी बोटभर कॉईल राहिली. मीही पुन्हा कधी विचारलं नाही. खरं तर विचारायचंच नव्हतं. बापाने आपलं काहीतरी केलं नाही, ही गोष्ट जवळ बाळगायला बरी वाटते.

दुपारी अण्णा म्हणाले, "जरा बारीक कर ते."

"का, त्रास होतो?"

"ऐकू येत नाही काही."

"म्हणजे हे ऐकण्यासारखं नाही, असंच ना?"

"बेअरिंग गेलेली मोटार अशीच ओरडते," शिंपीकाका अण्णांना म्हणाले. "उस्ताद, तेल सोड रे तिच्यात."

आवाज कमी केला. अर्ध्या तासाने होता तेवढा परत केला.

शिंपीकाका उद्यापासून दोन-अडीच आठवडे मुलीकडे जाणार आहेत. निघताना अण्णांना म्हणाले, "मी येईपर्यंत साठ झाली पाहिजेत."

"होतील."

पत्त्यांचा काही डाव लावलेला असावा.

१२ मार्च, बुधवार

डावी भिंत रिकामी केली. व्हाइस काढून तिकडे बसवला. कारखान्यातही तो उजेडाच्या बाजूला असतो. त्याच्या जुन्या जागी भोकं पाडलेला मोठा बोर्ड. प्रत्येक हत्याराची आकृती त्यावर काळ्या रंगाने काढणार आणि खाली नाव. हत्यार जागेवर नसेल तर लांबूनसुद्धा कळेल.

अण्णा म्हणाले, "दिवा मोठा लाव." नवी ट्यूब लावली. तासाभराने पुन्हा तेच, "याहून मोठा मिळत नाही का?" एवढा उजेड आमच्या तपासणीच्या टेबलावरही नसायचा. वयाबरोबर माणसं काहीतरी मागत राहतात, मिळालं तरी.

टेबलाच्या कडेला दोन सारखे डबे होते, दोन्हींत शर्टाची बटणं. सवयीने मोजली. डाव्यात त्रेचाळीस, उजव्यात सतरा. शिंपीकाकांची देणगी, दुसरं काय? सगळी एकाच डब्यात मावली. लेबल लावलं: 'बटणं'. एक डबा वाचला.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी अण्णा टेबलाशी उभे होते. "इथे डबे दोन होते."

"एकात मावतात ती."

डब्यात बोटं घालून ते बराच वेळ ढवळत राहिले. मग म्हणाले, "मोजली होतीस का?"

माझ्या मोजण्याच्या सवयीवर कारखान्यात पोरं हसायची. आता घरातही. मी म्हणालो, "नाही. बटणं कोण मोजतं?"

खोटं बोललो. कालच्या पानावर दोन्ही आकडे आहेत.

फ्रिजच्या दारात डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली दिसली. बायको दवाखान्यात कामाला आहे, तिथल्या कॉम्प्युटरमुळे तिचे डोळे कोरडे पडत असावेत. विचारायचं राहिलं.

१५ मार्च, शनिवार

लाल चिठ्ठ्यांचा दिवस. चव्वेचाळीस वस्तू. अण्णा खुर्चीत, मी समोर, पाठीमागे गिटारची कॅसेट. सुरुवातीला मी प्रत्येक वस्तूचं नाव घेऊन विचारत होतो. पाच-सहा वस्तूंनंतर नुसती उचलून दाखवायला लागलो. "हे?" "ठेव." "हे?" "टाक."

तिसाव्या वस्तूच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, ते एकाआड एक उत्तर देतायत. ठेव, टाक, ठेव, टाक. गंजलेला, अडकलेला ड्रिल ठेव. नवीकोरी पक्कड टाक.

"अण्णा, पक्कड नवी आहे."

"मग ठेव."

"तुम्ही नीट बघून सांगा ना. ही थट्टा आहे का?"

"तुला काय वाटतं ते कर."

"तसं नाही. वस्तू तुमची आहे. उद्या म्हणाल, विचारलं नाही."

"नाही म्हणणार."

कॅसेट संपली होती. उलटी करून लावली आणि पुढे गेलो. शेवटी यादीवर सही घेतली. सही रकान्याबाहेर जाऊन खालच्या दोन ओळींवर तिरकी उतरली. त्यांचा कंटाळा सहीतसुद्धा दिसतो. माझ्याही मनात कटुता होती. आपण करतोय ते कुणासाठी, असं सारखं येत होतं. पण प्रत्येक वस्तूला त्यांची संमती आहे. तेवढं काम चोख झालं.

१८ मार्च, मंगळवार

भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता, त्याला टाकायच्या बावीस वस्तू दिल्या. तीस दिवस थांबलो नाही. संमती असताना थांबून करायचं काय? कारखान्यात हे मी कुणाला करू दिलं नसतं.

२० मार्च, गुरुवार

झालं. बोर्डावर अठ्ठावन्न हत्यारं, प्रत्येक आपल्या आकृतीत. डबे सगळे एकाच मापाचे, नावं छापील. रिळं जाडीप्रमाणे. टेबलाचं लाकूड दिसायला लागलं. सागवान आहे, मला माहीतच नव्हतं. गिटारची कॅसेट लावली आणि मधोमध उभा राहिलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा छाती भरून आली.

अण्णांना हाताला धरून आणलं. ते दारातच थांबले. म्हणाले, "छान."

अण्णांनी माझ्या कोणत्याही कामाला छान म्हटल्याचं आठवत नाही. म्हणताना बघत मात्र होते बोर्डाच्या बाजूला, खिडकीकडे.

आत आले नाहीत. म्हणाले, "बसतो नंतर."

२३ मार्च, रविवार

अण्णांचा उजवा तळहात फाटला. चार टाके. एकटेच गॅरेजमध्ये गेले होते आणि दारातून उजवीकडे हात घातला. तिथे आता बोर्ड आहे आणि त्या उंचीवर करवती आहेत. फडकं घ्यायला गेलो होतो, म्हणतात.

मी ओरडलो. लिहायला लाज वाटते, पण ओरडलो. "समोर एवढा बोर्ड आहे! करवतीचं चित्र काढलंय, खाली नाव लिहिलंय! आणखी काय करायचं मी?"

"हो," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. मला म्हणाली, "तू नको येऊस."

२४ मार्च, सोमवार

बायकोने सांगितलं. ती भांडी पुसत होती, मी लावत होतो. तिने हातातलं ताट खाली ठेवलं नाही, पुसतच बोलत राहिली.

"काचबिंदू आहे. डावा डोळा पूर्ण गेलाय. उजव्याने नळीतून बघावं एवढंच दिसतं, तेही धूसर. परत येत नाही ती नजर. थेंबांनी फक्त जायची थांबते. तीही थांबली नाही."

"कधीपासून?"

"कळून दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं! आणि मला कुणी एका शब्दाने..."

"ते नको म्हणाले. तुझ्या कारखान्यात तेव्हा कुजबुज सुरू झाली होती. म्हणाले, त्याला एका वेळी एकच दुखणं द्या."

"आणि नोकरी गेल्यावर?"

"नंतर तू लेबलं छापत होतास." ताट तिने पुन्हा पुसायला घेतलं. "आणि म्हणाले, त्याला कळलं तर माझाही तक्ता करून भिंतीला लावेल."

मी हसलो. ती हसली नाही.

"मला वाटलं, तुझं तुलाच कळेल," ती म्हणाली. "रोज चहा मी त्यांच्या हातात देते, कपाचा कान त्यांच्याकडे करून. पेपर शिंपीकाका वाचून दाखवतात. दिवसभर त्या खोलीत बसायचे, कारण ती एकच खोली त्यांना पाठ होती."

डोळ्यांत तेल घालून एकोणीस वर्षं मी लोखंडाचे तुकडे बघितले. मागची पानं आज पुन्हा वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. दिवा, सही, पक्कड, खिडकी. एकही नोंद सुटलेली नाही.

२७ मार्च, गुरुवार

शिंपीकाका परतले. आल्या आल्या गॅरेजमध्ये शिरले आणि उंबऱ्यातच थबकले.

"अरे, हे काय दुकान मांडलंयस?" मग इकडे तिकडे बघून, "चाक कुठंय?"

"कोणतं चाक?"

"माझ्या मशीनचं. शिवणाच्या. टेबलाखाली स्टँडवर लावलं होतं, फडक्यात गुंडाळून."

यादी माझ्या खिशातच होती. क्रमांक चौतीस: 'शिवणयंत्राचं चाक, गंजलेलं, सोबत चिंधी.' उत्तर: टाक.

"ते भंगारात दिलं."

शिंपीकाका स्टुलावर बसले.

"त्या फडक्यात तुझ्या गिटारची कॉईल होती," ते म्हणाले. "तुझी नोकरी गेली त्याच दिवशी सुरू केली त्याने. म्हणाला, आता पोराला वाजवायला वेळ मिळेल. मोटारींची मोठी कामं दिसत नाहीत म्हणून सोडली, पण हे बोटाने जमेल म्हणाला. चाक फिरवायचं आणि तार नखावरून सोडायची. नखाला कळतं सगळं. दोनदा तुटली. दोनदा शिव्या घालून परत पहिल्यापासून. तिसऱ्या वेळेला सूर लागला होता बघ."

"आणि बटणं?"

"ते डोकं माझं. शंभर वेढे झाले की उजव्या डब्यातलं एक बटण डाव्यात. साठही डावीकडे गेली की सहा हजार. मोजायला डोळे कशाला लागतात?"

"मला कुणीतरी सांगायचं ना, काका."

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, मी मोजतो."

म्हणालो असतो.

ते गेल्यावर कपाटावरून गिटारची पेटी काढली. किती वर्षांनी उघडली, आठवत नाही. तारा सैल करून बाजूला बांधलेल्या. पिकअपच्या जागी रिकामा खड्डा, धूळ जाऊ नये म्हणून त्यात कापसाचा बोळा. झाकणाच्या आत चिकटपट्टीखाली चार स्क्रू, रांगेने लावलेले, हरवू नयेत म्हणून.

सहा बारीक चुंबकं मला आठवली. तीही सापडली होती, पावडरच्या डब्यात. ती 'चुंबकं' या कप्प्यात आहेत, पंखे आणि स्पीकरच्या चुंबकांबरोबर, एकमेकांना चिकटून.

२८ मार्च, शुक्रवार

भंगारवाल्याच्या वखारीत गेलो. ढिगाऱ्यांमधून तो मला हिंडवून आणत राहिला, बिचारा सभ्य माणूस. चाक सापडलं. माझी लाल चिठ्ठी तशीच बांधलेली. फडकं नव्हतं.

"त्यात तांब्याची तार होती, केसासारखी. काळ्या छोट्या रिळावर."

"तांबं आम्ही ठेवत नाही, साहेब. आलं की त्याच दिवशी जाळून वितळवायला जातं."

"फारच थोडं होतं ते."

"थोडं थोडंच असतं सगळं," तो म्हणाला.

चाक घेऊन आलो. इतक्या मोठ्या वस्तूला चिंधी कशाला बांधली असेल, हा प्रश्न त्या दिवशी मला पडायला हवा होता. गाठ साधी होती. फडकं सोडून बघायला चार सेकंद लागले असते. माझ्या हाताखालच्या एखाद्या पोराने न उघडता असं वर्णन लिहिलं असतं तर मी ती ओळ खोडून त्याला परत पाठवलं असतं.

२९ मार्च, शनिवार

अण्णा मागच्या खोलीत पलंगावर बसले होते, पट्टी बांधलेला हात मांडीवर. मी खाली बसलो.

"अण्णा, डावीकडे त्रेचाळीस होती. मी मोजली होती. तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो."

ते म्हणाले, "मला वाटलं एकेचाळीस."

"चाक आणलंय परत. कॉईल गेली. मी फडकं उघडून बघायला पाहिजे होतं."

"मीच टाक म्हणालो ना? तुझ्या यादीत असेल."

"आहे."

"सही?"

"आहे."

"मग झालं तर."

टोमणा होता की नाही, आवाजावरून कळलं नाही. पूर्वी त्यांचा टोमणा लगेच कळायचा.

"आपण पुन्हा करू," मी म्हणालो. "मी तार धरतो, तुम्ही चाक फिरवा."

त्यांनी पट्टीतून बाहेर आलेला उजवा अंगठा तर्जनीवर घासून पाहिला. टाक्यांनी दोन्ही बोटं बधिर आहेत. डॉक्टर म्हणतात, येईल संवेदना, वेळ लागेल.

"होईल," अण्णा म्हणाले.

२ एप्रिल, बुधवार

चार दिवस गॅरेज पुन्हा होतं तसं करतोय. बासष्ट फोटो समोर लावून. व्हाइस जुन्या जागी बसवला, भोकं तिथे होतीच. दांड्यावर फडकं. बोर्ड काढला. पाने, पक्कडी, कानशी सगळे एका खोक्यात उभे. रिळं विस्कटली. कंगवासुद्धा वॉशरमध्ये टाकला.

पण फोटोत दिसतं ते फक्त वरचं. कोणत्या डब्याच्या मागे कोणता, खोक्यात दहाचा पाना कानशीच्या डावीकडे की उजवीकडे, खुर्चीतून हात मागे नेला की बोटं आधी कशाला लागायची, यातलं फोटोत काहीच नाही. बासष्ट फोटो आणि एकही खुर्चीत बसून काढलेला नाही. जुने डबे मी टाकून दिले होते, आणि नव्या डब्यांची लेबलंही निघत नाहीत. डिंक चांगला निघाला.

संध्याकाळी अण्णांना घेऊन गेलो. दारात त्यांनी डावा हात आडवा नेऊन उजवीकडे घातला. व्हाइस लागला. फडकं लागलं. माझा श्वास सुटला. ते चार पावलं चालून खुर्चीत बसले, बरोबर मधोमध. हात मागे नेला. खोक्यात घातला. एक पाना काढला, अंगठ्याने चाचपला आणि माझ्यापुढे धरला.

"हा कितीचा रे?"

"बाराचा."

"दहाचा दे जरा."

मी शोधून दिला. काम काहीच नव्हतं. त्यांनी तो हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि मला परत दिला.

"थँक्यू," म्हणाले. दुकानदाराला म्हणतात तसं.

शेहेचाळीस वर्षांत अण्णांनी मला थँक्यू म्हटलेलं नाही. कधी म्हणूच नये, अशी आमची तऱ्हा होती.

६ एप्रिल, रविवार

बुधवारनंतर अण्णा गॅरेजमध्ये गेलेले नाहीत. शिंपीकाका येतात, आत पलंगाशी बसून पेपर वाचून दाखवतात आणि लवकर जातात. "इथे उस्तादला हात लावायला काही नाही," जाताना आज मला म्हणाले. रागाने नाही म्हणाले.

प्लेअर आणि स्पीकर घरात आणून अण्णांच्या खोलीत लावले. प्लेअरमधल्या रेडिओवर बातम्या ऐकतील म्हणून. स्पीकरमध्ये कुठे खरखर येते का ते बघायला एक कॅसेट घातली आणि त्यांना त्रास नको म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला.

"मोठा कर," अण्णा म्हणाले.

"त्रास होईल तुम्हाला."

"कर मोठा. आता दुसरं काय ऐकायचं राहिलंय?"

केला. ते पलंगावर सरळ बसून होते. गिटार तार ओढत वर निघाली तसा त्यांचा चांगला हात मांडीवर हलला, तालावर नाही, गोल. चाक फिरवावं तसा. मी बाहेर आलो.

गॅरेजमध्ये गेलो, दार लावून घेतलं आणि अण्णांच्या खुर्चीत बसलो. डोळे मिटले. दहाचा पाना शोधायचा होता, एवढंच. हात मागे नेला. डबे हाताला लागले, एकाच मापाचे, मीच आणलेले. प्रत्येकावर लेबल. बोटं फिरवून पाहिलं. गुळगुळीत, सगळी सारखीच. खोका कुठेतरी डावीकडे असावा. लोखंड आपटल्यावर कसं वाजतं त्यावरून कळेल म्हणून एक दोन वस्तू उचलून आपटल्या, पण घरातून गिटार एवढ्या मोठ्याने येत होती की हातातलं काय वाजतंय ते कळेना.

शेवटी एक पाना सापडला. बराच वेळ चाचपून खात्री करून घेतली. डोळे उघडले.

चौदाचा.